सौदा एकाचा, मोल दुसऱ्याचे

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर नृसिंहवाडी वसली आहे. उभा महाराष्ट्र तिला नरसोबाची वाडी म्हणून ओळखतो. श्रीनृसिंहसरस्वतींनी येथे बारा वर्षे वास्तव्य केले अशी परंपरा आहे. त्यांच्या पादुकांच्या दर्शनाला बारमाही रीघ असते. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की पाणी मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते आणि त्या प्रवाहात स्नान करण्यासाठी माणसे दूरदुरून येतात. या सोहळ्याला ‘दक्षिणद्वार’ असे नाव आहे.

‘गुरुचरित्रा’च्या अठराव्या अध्यायात या संगमाच्या परिसरातील एक कथा आली आहे. एका दरिद्री ब्राह्मणाच्या दारात घेवड्याचा वेल होता. ज्या दिवशी भिक्षा मिळत नसे त्या दिवशी घरची माणसे त्या शेंगांवरच भूक भागवीत. स्वामी भिक्षेला आले तेव्हा घरात दुसरे काही नव्हते, म्हणून घेवड्याचीच भाजी त्यांच्या पुढे आली. भोजन करून निघताना स्वामींनी तो वेलच उपटून टाकला. घरच्या बाईने आकांत केला. ब्राह्मणाने तिची समजूत घातली. मग उरलेले मूळ काढण्यासाठी जमीन खणली, तर खाली द्रव्याने भरलेला कुंभ सापडला. ही कथा भाविकाने चमत्कार म्हणून वाचावी, अन्य धर्मीयाने दृष्टांत म्हणून वाचावी. आमचे लक्ष तिच्या घडणीकडे जाते. तीत मागणी नाही, अट नाही, करारनामा नाही. जे होते ते देऊन टाकले, उरलेला आधारही गेला, आणि मग जे मिळाले ते न मागता मिळाले.

या लेखाचा विषय असलेली कथा बरोबर याच्या उलट आहे. तीत माणूस आधी मागतो, मग भाव ठरवतो आणि शेवटी ‘किंमत काय पडेल?’ असे विचारतो. समोरचा व्यापारी हसून म्हणतो, ‘तुम्हांला काहीच पडणार नाही.’ सैतानाशी केलेल्या सौद्याची ही कथा जगात सर्वत्र आहे आणि ती मराठी संगीत रंगभूमीवरही आहे. किंबहुना विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात, शहरांतून डिस्कोची धून घुमू लागण्याच्या सुमारास, मराठी नाटकाने ती अशा रीतीने सांगितली की तिचे पडसाद युरोपपर्यंत उमटले. तो इतिहास आमच्या वाचकांपुढे ठेवावा आणि त्यातून जो एक प्रश्न उभा राहतो तोही ठेवावा, एवढाच आमचा हेतू आहे.

करारनाम्याचा इतिहास

सौद्याची पहिली नोंद आपल्याला शुभवर्तमानातच सापडते. उंच डोंगरावर नेऊन जगातील सारी राज्ये व त्यांचे वैभव प्रभू येशूला दाखविले गेले आणि मोबदल्यात फक्त एक नमस्कार मागितला गेला. प्रभूने तो नाकारला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त हा सारा वृत्तान्त मराठी ओवीत आणला. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथाने सैतानाला मराठी बोलायला लावले असे म्हटले तर वावगे ठरू नये. वाडीच्या स्वामींचे चरित्र ज्या छंदात आहे त्याच छंदात हे ख्रिस्तचरित्रही आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ज्याने सौदा नाकारला नाही अशा माणसाची कथा ख्रिस्ती जगात पुढे आली. आशिया मायनरमधील अदाना येथील थेओफिलुस नावाचा धर्माधिकारी पदावरून दूर केला गेला. ते पद परत मिळावे म्हणून एका मांत्रिकाच्या मध्यस्थीने त्याने सैतानाला आपला आत्मा लिहून दिला. पद मिळाले, पण झोप गेली. अखेर त्याने पवित्र मरियेचा धावा केला. तिने तो कागद सैतानाकडून सोडवून आणला आणि थेओफिलुसाने लोकांसमोर आपले पाप कबूल केले. तेराव्या शतकात र्‍युतबफ या फ्रेंच कवीने या आख्यायिकेवर नाटक रचले. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या उत्तरेकडील दारावर ती दगडात कोरलेली आहे.

तीन शतकांनंतर जर्मनीत डॉक्टर फाउस्ट अवतरला. १५८७ साली फ्रँकफुर्टला त्याची कथा छापली गेली, तिच्यावरून इंग्लंडात मार्लोने नाटक लिहिले, आणि १८०८ साली गटेने आपल्या महाकाव्यसदृश नाटकाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. तो भाग मराठीत विंदा करंदीकरांनी १९६५ साली आणला. फाउस्टला ज्ञान हवे आहे, तारुण्य हवे आहे, सुख हवे आहे. मेफिस्टोफिलीस ते द्यायला तयार आहे. सही रक्ताने होते आणि करारात लिहिलेला आत्मा फाउस्टचा स्वतःचा आहे.

परंतु पहिला भाग वाचून संपवताना वाचकाच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट येते. फाउस्ट जिवंत आहे, हिंडतो-फिरतो आहे. मेली आहे ती मार्गारेटेची आई, झोपेच्या औषधाने. मेला आहे तिचा भाऊ, फाउस्टच्याच तलवारीने. मेले आहे तिचे तान्हे मूल. आणि दुःखी मातेच्या प्रतिमेपुढे रडून प्रार्थना करणारी ती भाबडी मुलगी तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहत बसली आहे. करारावर तिची सही नव्हती. तिला कोणी विचारलेही नव्हते.

येथेच आम्हांला या कथेचे मर्म दिसते. सैतानाच्या कागदावर नाव सौदा करणाऱ्याचे असते. वसुली मात्र दुसऱ्याच्या घरातून होते. मराठी रंगभूमीने हे मर्म युरोपकडून उसने घेतलेले नाही. ते तिला आपल्या वाटेने सापडले, आणि ती वाट वाडीच्या पंचक्रोशीतूनच निघते.

राक्षस बाहेरचा आणि राक्षस घरातला

नृसिंहवाडीपासून सांगली वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. तेथे ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले. मराठी रंगभूमी आपला जन्मदिवस तोच मानते. त्या नाटकांत सारी पदे सूत्रधारच म्हणत असे. विदूषक येई, गणपती येई, मोरावर बसून सरस्वती येई. मग आरोळ्या ठोकत, तलवारी परजत राक्षस येत. ‘अलल डुर्र’ ही त्यांची आरोळी इतकी गाजली की पुढे त्या जातीच्या नाटकांना तेच नाव चिकटले. कोकणातील दशावतारी खेळात तर काळ्या वेषातला संकासुर प्रेक्षकांना आधी हसवतो आणि मग विष्णूच्या हातून मरतो.

या राक्षसांशी कोणी सौदा करीत नसे. ते बाहेरून येत, अंगावर चालून येत आणि मारले जात. मुले भीत, थोरांना करमणूक वाटे आणि पहाटे सारे निश्चिंत मनाने घरी परतत. वाईट कोठे आहे हे सर्वांना दिसत होते. त्याने तोंडाला रंग फासलेला होता.

वाडीच्या नदीपलीकडे कुरुंदवाड आहे. हेही पटवर्धनांचेच संस्थान. तेथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. लहानपणी वाडीच्या दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका चेहऱ्याजवळ उडून विष्णूच्या डोळ्यांना इजा झाली. दृष्टी मंदावल्यामुळे शाळेचे शिक्षण थांबले आणि मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी संगीताला दरबाराच्या आणि बैठकीच्या कोंडीतून बाहेर काढले. हा उल्लेख येथे करण्याचे कारण असे की, कीर्तन हे या प्रदेशाच्या गाण्याचे आणि नाटकाचे मोठे भांडवल होते. देवाचे नाव, टाळ-मृदंगाचा ठेका, मध्येच गोष्ट, मध्येच विनोद, आणि समोर माना डोलावणारे गाव. शंभर वर्षांनी याच भांडवलाचा एक भयंकर उपयोग होणार होता.

मधल्या काळात राक्षसाने कपडे बदलले. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला रंगभूमीवर आणले. त्यातील तळीराम हा सुधाकर वकिलाचा साधा कारकून. सनद तहकूब झाल्याने अपमानाने जळणाऱ्या सुधाकराला तो जगाचे राज्य देऊ करीत नाही. फक्त एक पेला पुढे करतो आणि तेवढ्याने दुःख विसरता येईल असे सांगतो. सौद्याची रक्कम इतकी लहान की तो सौदा आहे हेच कळू नये! आणि किंमत कोण देते? दळण दळून संसार चालवणारी सिंधू देते. तिचे तान्हे बाळ देते. बापाच्या हातून मूल गेले, स्वतःवर घाव बसला, तरी मरता मरता ती पोलिसांपुढे नवऱ्याला वाचवणारी जबानी देते. बालगंधर्वांची सिंधू पाहून ज्या पिढीने डोळे पुसले तिला सैतानाची ओळख पटली होती. तो आता हसतमुख मित्र होता.

कोल्हापुरात राहणाऱ्या वि. स. खांडेकरांनी १९५९ साली ‘ययाति’ कादंबरी लिहिली. तिला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. ययातीची पुराणकथा म्हणजे आमच्या मते भारतीय फाउस्टच होय. वार्धक्याचा शाप मिळालेल्या राजाला तारुण्य परत हवे आहे, आणि ते देणारा कोणी परका नाही. पोटचा मुलगा पुरू आहे. येथे तर सौद्याचे स्वरूप उघडेच पडते: बापाच्या भोगाची किंमत मुलाच्या आयुष्यातून वळती होते. याच कथेवर गिरीश कार्नाडांनी १९६१ साली कन्नड नाटक लिहिले. त्यात पुरूची नवपरिणीत पत्नी चित्रलेखा विष घेते. तिलाही कोणी विचारले नव्हते.

घाशीराम आणि गौरी

ही सारी परंपरा पाठीशी घेऊन १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. नाटककार विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे होते, घाशीरामाच्या भूमिकेत रमेश टिळेकर.

इतिहासातील घाशीराम सावळदास हा कनोजी ब्राह्मण. १७७७ साली तो पुण्याचा कोतवाल झाला. १७९१ च्या ऑगस्टअखेर त्याने कोंडून ठेवलेले काही तैलंग ब्राह्मण गुदमरून मेले. चिडलेल्या जमावाच्या हाती त्याला देण्यात आले आणि दगडांनी ठेचून त्याचा अंत झाला. आपले नाटक ऐतिहासिक नाही, असे तेंडुलकरांनी स्पष्ट केले होते. नाटकातील लंपट नाना आणि मराठी राज्याचा डोलारा अनेक वर्षे सावरून धरणारे इतिहासातील नाना यांत वाचकाने गल्लत करू नये, असे आम्हीही म्हणू.

नाटकातील घाशीराम पोटासाठी पुण्यात येतो. तेथे त्याची फसवणूक होते. दक्षिणेच्या रमण्यावर न केलेल्या चोरीचा आळ येतो, मार बसतो, तुरुंग भोगावा लागतो. अपमानाने पेटलेला हा माणूस पुण्याचे डुकरांचे राज्य करून दाखवण्याची शपथ घेतो. सूडासाठी त्याला सत्ता हवी आहे आणि सत्ता नानांच्या हाती आहे. नानांची नजर गणेशोत्सवात एका कोवळ्या मुलीवर पडते. ती ललितागौरी, घाशीरामाची मुलगी. घाशीराम ती नजर ओळखतो आणि भाव ठरवतो: मुलगी तुमची, कोतवाली माझी. सहीशिक्क्याचा कागद हाती पडतो आणि एका रात्रीत रस्त्यावरचा भणंग शहराचा धनी होतो.

फाउस्टने निदान आपला आत्मा देऊ केला होता. घाशीरामाने लेक दिली. पुढे गौरी दिवस गेलेल्या अवस्थेत मरते. तिला गुपचूप पुरले जाते. नानांना दुसरी वधू मिळते. संतापाने आंधळा झालेला बाप नानांवर हात टाकू शकत नाही, म्हणून शहरावर टाकतो. परवाने, झडत्या, मारहाण, तापलेल्या लोखंडी गोळ्याचे दिव्य! अखेरीस कोठडीतले ब्राह्मण मरतात, जमाव वाड्यावर येतो आणि नाना शांतपणे आणखी एका कागदावर सही करतात. या वेळी सौदा घाशीरामाच्या मानेचा असतो.

शेवटच्या प्रसंगात दगडांखाली मरणारा घाशीराम एक गोष्ट बोलतो. पुण्यावर केलेल्या जुलमापेक्षा पोरीच्या मरणाची शिक्षा आपल्याला मिळायला हवी, असे तो म्हणतो. संपूर्ण नाटकात सत्य बोलणारा हा एकच क्षण आहे, आणि तो ऐकायला कोणालाही सवड नाही. नाना येतात, पाप गेले असे जाहीर करतात आणि उत्सव फर्मावतात. ज्याने विकले त्याला शिक्षा झाली. ज्याने विकत घेतले तो नाचात सामील होतो.

या नाटकाचे खरे सामर्थ्य मात्र गोष्टीत नाही, तिच्या मांडणीत आहे. रंगमंचावर बारा ब्राह्मणांची एक ओळ उभी असते. ती भजन म्हणते, डुलते, ठेका धरते. तीच भिंत होते, तीच पडदा होते. भिंत पुढे वळली की देऊळ. पाठ फिरवली की बावनखणी. देवाचे नाम चालूच असते आणि नामाच्या आड व्यवहारही चालूच असतो. एका प्रसंगात तर कीर्तन आणि लावणी एकमेकांत मिसळून जातात. ज्या कीर्तनाच्या मांडवात आमच्या पूर्वजांनी नीती शिकली त्याचाच येथे आडोसा झाला आहे. हे पाहताना प्रेक्षकाचा पायही ठेका धरतो, आणि काही वेळाने त्याला कळते की आपणही त्या भिंतीतलीच एक वीट आहोत.

नाटकावर वादळ उठले. ब्राह्मणांची व नानांची बदनामी होते असा आक्षेप आला. एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेने ते थांबवले. तेव्हा त्यातील तरुण मंडळींनी १९७३ साली थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि जानेवारी १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० साली युरोपचा दौरा ठरला तेव्हा विरोध न्यायालयापर्यंत गेला. तरीही दौरा झाला. ज्या जर्मनीत फाउस्ट जन्मला तेथील प्रेक्षकांनी मराठी टाळ-मृदंगाच्या साथीने त्याचा पुणेरी भाऊबंद पाहिला.

तीस नाणी आणि तीन पैसे

‘घाशीराम’चे प्रयोग पुन्हा सुरू झाले त्याच १९७४ साली मुंबईत अलेक पदमसी यांनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे इंग्रजी रॉक संगीतक सादर केले. मूळ रचना अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांची. ध्वनिमुद्रिका १९७० ची, ब्रॉडवेवरील प्रयोग १९७१ चा. प्रभूच्या अखेरच्या दिवसांची ही कथा पुष्कळशी यहूदाच्या डोळ्यांनी सांगितली आहे आणि तीत पुनरुत्थान दाखवलेले नाही. त्यामुळे पाश्चात्त्य देशांतील अनेक ख्रिस्ती मंडळींनी तिच्यावर आक्षेप घेतला होता. मुंबईच्या प्रयोगात यहूदाची भूमिका एका मराठी तरुणाने केली. तो म्हणजे आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यकर्मी दांपत्याचा मुलगा नंदू भेंडे.

यहूदाच्या सौद्याविषयी पवित्र शास्त्र फार थोडे बोलते. सैतान त्याच्यात शिरला, असे संत लूक सांगतो. संत मत्तय रक्कम सांगतो: चांदीची तीस नाणी. जुन्या करारात बैलाने मारलेल्या दासाची भरपाई तेवढीच ठरलेली आहे. यहूदाने स्वतःला विकले नाही, मित्राला विकले. नंतर त्याने नाणी परत नेली तेव्हा ती घ्यायला कोणी तयार नव्हते. मंदिरात फेकलेल्या त्या पैशांतून परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत घेतले गेले. घाशीरामाला आम्ही आतापर्यंत फाउस्टच्या पंक्तीत बसवीत होतो. खरे पाहता हव्यासाने तो फाउस्ट आहे, परंतु व्यवहाराने यहूदा आहे.

हाच नंदू भेंडे १९७८ साली थिएटर अकॅडमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त अंकुश नावाचा गुंड झाला. ब्रेश्टच्या १९२८ सालच्या बर्लिनमधील संगीत नाटकाचे हे पु. ल. देशपांडे यांनी केलेले मराठी रूप. दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेलांचे. त्याच्या संगीतात नाट्यपदाचा बाज होता, तमाशाची ढोलकी होती आणि पाश्चात्त्य पॉपचा ठेकाही होता. दोनच वर्षांनी ‘कुर्बानी’च्या आणि चार वर्षांनी ‘डिस्को डान्सर’च्या गाण्यांनी गल्लोगल्लीचे कर्णे भरून जाणार होते. त्या युगाची चाहूल मराठी रंगमंचाला आधीच लागली होती. या नाटकात भिकाऱ्यांचा धंदा आहे, चोरांची टोळी आहे, पोलिसाची दोस्ती आहे. प्रत्येक माणसाचा भाव ठरलेला आहे आणि सारे जण गात आहेत. येथे सैतान नावाचे पात्र उरलेलेच नाही. त्याची गरजच संपली आहे. सारा बाजार त्याचे काम करतो.

१८४३ चा रंग फासलेला राक्षस, १९१९ चा हसतमुख कारकून, १९७२ ची भजन म्हणणारी भिंत, १९७८ चा बाजार. एकशे पस्तीस वर्षांत सैतान आपल्या इतका जवळ आला की दिसेनासा झाला.

प्रश्न आपल्या दाराशी

हा इतिहास वाचून कोणी म्हणेल की, हे पुण्याचे, पेशवाईचे, फार तर मुंबईचे प्रकरण. आमच्या धर्मग्रामातील सरळ कुटुंबांचा त्याच्याशी काय संबंध? आम्हांला तसे वाटत नाही. आत्मा रक्ताने लिहून देणारे आपल्यात कोणी नसेल. मुलीला वाड्यावर पाठवणारा बापही नसेल. पण भावाच्या वाट्याची जमीन गुपचूप नावावर करून घेणे, मुलाच्या लग्नात ‘आम्हांला काही नको’ म्हणत मुलीच्या बापाचे घर गहाण पडू देणे, वाडवडिलांची बागायत विकून नातवंडांच्या विहिरीचे पाणी घालवणे, थोरल्या मुलीच्या पगारावर घर चालते म्हणून तिच्या लग्नाचा विषयच न काढणे, हे व्यवहार आपल्या ओळखीचे आहेत. त्यांत कागदावर नाव एकाचे असते. किंमत चुकती करणारा बहुधा जेवणाच्या टेबलाशी गप्प बसलेला असतो, किंवा अजून जन्मालाच आलेला नसतो.

आणि भजन म्हणणारी भिंत? ती केवळ टाळ-मृदंगाचीच असते असे नाही. ती व्हायोलिन आणि ऑर्गनच्या साथीनेही उभी राहू शकते. सणाची मिस्सा थाटात झाली, बँड वाजला, आतषबाजी झाली, म्हणजे घरातला हिशेब मिटला असे मानणाऱ्यांना तेंडुलकरांच्या नाटकाने आरसा दाखवला आहे. तो आरसा एका जातीपुरता होता असे समजून ज्यांनी त्या वेळी गंमत पाहिली, त्यांनी तो पुन्हा एकदा स्वतःकडे वळवून पाहावा.

थेओफिलुस सुटला, घाशीराम सुटला नाही, यहूदाही सुटला नाही. पश्चात्ताप तर तिघांनाही झाला होता. फरक कोठे पडला? यहूदा नाणी घेऊन गेला तो ज्यांनी ती दिली होती त्यांच्याकडे. घाशीरामाने कबुली दिली ती दगड मारणाऱ्या गर्दीपुढे. थेओफिलुस मातेकडे गेला आणि मग आपल्या माणसांसमोर उभा राहून बोलला. सौदा मोडण्याची वाट खरेदीदाराच्या दारातून जात नाही, एवढे या तीन कथा शेजारी ठेवल्या की स्पष्ट होते. आणि घाशीरामाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. ज्या गौरीपुढे त्याने बोलायला हवे होते ती मातीखाली गेली होती. आपली गौरी अजून घरात वावरत असेल, तर उशीर झालेला नाही.

ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळाशीही एक किंमत आहे आणि तीही दुसऱ्यानेच दिलेली आहे. मात्र ती त्याच्यावर कोणी लादली नव्हती. ज्याने दिली त्याने ती जाणूनबुजून, स्वतःच्या इच्छेने दिली. डोंगरावरचा फायद्याचा सौदा नाकारून तो दुसऱ्या टेकडीवर गेला. म्हणूनच पास्काच्या रात्री, हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊन, सारे धर्मग्राम सैतानाचा आणि त्याच्या साऱ्या डौलाचा धिक्कार करते. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण बोलू शकत नव्हतो, तेव्हा आईबाप आणि धर्मपालक आपल्या वतीने बोलले होते. आता उत्तर आपल्याला द्यायचे असते. प्रश्न तीन असतात आणि उत्तर एका शब्दाचे असते. तो शब्द उच्चारण्यापूर्वी शेजारी मेणबत्ती धरून उभ्या असलेल्या आपल्या माणसांच्या चेहऱ्यांकडे एकदा नीट पाहावे आणि आपल्या कोणत्या व्यवहाराची किंमत त्यांच्यापैकी कोण भरीत आहे, याचा हिशेब करावा.